भांडणारा ईयोब

संकटातल्या श्रद्धेवर बोलताना ख्रिस्ती प्रवचनात ईयोबाचे नाव हटकून निघते. सारे गेले तरी त्याने देव सोडला नाही, तुम्हीही धीर धरा, हा उपदेश महारवाड्या-मांगवाड्यांतून ख्रिस्ती झालेल्या आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. हे वाचन अर्धवट आहे, आणि ते तसे राहणे कोणाच्या तरी सोयीचे आहे.

सोशिक ईयोब पहिल्या दोन अध्यायांतच संपतो. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे देवाकडेच जाब मागतो. दुःख हे तुझ्याच पापाचे फळ, असे बजावणारे त्याचे मित्र म्हणजे कर्मविपाक सांगणारे शास्त्रीबुवाच की! ईयोब त्यांना साफ नकार देतो. बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. यथार्थ बोलला तो ईयोबच, असा निवाडा देतो. न्यायाची आशा ज्याच्याकडून आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' थोर पुस्तक आहे, यात वाद नाही. पण त्यातले पुष्कळ हाल नवऱ्याच्या धर्मांतराने ओढवलेले. अस्पृश्याचे हाल बाप्तिस्म्याआधीचे, आणि बाप्तिस्म्याने त्याची विहीर काही बदलली नाही. उलट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातींतून वगळले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दाराबाहेरच राहिले. अशा माणसाला 'विश्वास ठेव' म्हणणारे धर्मगुरू त्याच्या तक्रारीलाही प्रार्थना मानणार आहेत काय?