वर्गनामे आणि वाङ्मयीन न्याय

ग्रंथालयातील कपाटावर कोणती चिठ्ठी लावावयाची, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा आहे. समीक्षकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असेच पुष्कळांना वाटेल. परंतु चिठ्ठी लावणारा हात वाङ्मयाविषयी काही एक निर्णय देऊनच ती लावीत असतो. आणि टीकालेखाप्रमाणे त्या निर्णयाखाली कोणाची सही नसल्यामुळे त्याची तपासणी सहसा होत नाही. इंग्रजी विकिपीडियावर २०१३ साली उद्भवलेला एक वाद या दृष्टीने आपल्याही विचारास योग्य आहे.

विकिपीडिया हा महाजालावरील मुक्त ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. त्यातील लेखाच्या तळाशी तो लेख कोणकोणत्या वर्गांत मोडतो याची नोंद असते. वर्गाचे नाव उघडले की त्यातील लेखांची यादी समोर येते. 'अमेरिकन कादंबरीकार' हा असाच एक वर्ग. यादी फार लांबली म्हणून तिची पोटवर्गांत विभागणी सुरू झाली आणि लेखिकांची नावे मूळ वर्गातून काढून 'अमेरिकन स्त्री-कादंबरीकार' या पोटवर्गात घालण्यात येऊ लागली. हार्पर ली, ॲन राइस, एमी टॅन यांची नावेही अशीच हलली. कादंबरीकार अमँडा फिलिपाची यांनी एप्रिल २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून याकडे लक्ष वेधले. पुरुषांसाठी तसा पोटवर्ग त्या वेळी नव्हता. पुरुष तेवढे कादंबरीकार आणि स्त्रिया मात्र स्त्री-कादंबरीकार, असा त्या मांडणीचा अर्थ झाला.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. लांब यादी आटोपशीर करावी, एवढाच उद्देश सांगितला गेला होता. पण अन्यायाला नेहमी द्वेषच लागतो असे नाही. पुष्कळदा नीटनेटकेपणाची हौसही पुरते. ज्याला विशेषण लागत नाही तो नियम, ज्याला लागते तो अपवाद, हे वर्गीकरणाचे अलिखित व्याकरण आहे.

मग स्वतंत्र वर्ग मोडून टाकावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्त्रियांच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्यास तो वर्ग हवाच. पुरुषांचाही वर्ग करावा, हा दुसरा उपाय. तोही अमलात आला. परंतु दोन्ही पोटवर्गांत सर्वांची वाटणी करून मूळ वर्ग रिकामा केला, तर लेखकाविषयी पहिला प्रश्न त्याच्या लेखनाचा न राहता त्याच्या लिंगाचा होईल. योग्य उपाय तिसरा: नाव पोटवर्गात असले तरी मूळ वर्गातून ते काढावयाचे नाही. त्या ज्ञानकोशात आज लेखिकांच्या वर्गास हाच दंडक लागू आहे. दोष स्वतंत्र वर्गात नव्हता, तो हकालपट्टीत होता.

मराठीत हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण लिंगभेद शब्दाच्या पोटातच असतो. 'कादंबरीकार', 'नाटककार', 'साहित्यिक' हे शब्द दोघांनाही चालतात. 'लेखक' आणि 'कवी' यांच्यासमोर मात्र 'लेखिका' आणि 'कवयित्री' उभ्या राहतात. 'मराठी कवी' असे शीर्षक दिले की इंदिरा संत त्यात बसतात की नाही, हे वाचकाच्या मर्जीवर राहते. म्हणून व्यक्तीऐवजी कृतीवरून नाव देणे, 'मराठी कविता' किंवा 'मराठी साहित्यिक' असे म्हणणे, अधिक न्याय्य होय.

महाराष्ट्राबाहेरच्या आपणां मराठी भाषकांस या प्रश्नाची दुसरीही बाजू जाणवावयास हवी. 'बृहन्महाराष्ट्रातील साहित्यिक' हा वर्ग आपणच अभिमानाने करतो. पण उद्या कोणी सोयीसाठी ग्वाल्हेरच्या भास्कर रामचंद्र तांब्यांना केवळ त्या वर्गात ठेवून 'मराठी कविते'तून वगळले, तर ते आपणांस रुचेल काय? बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत लिहिले. त्यांना एकाच कप्प्यात कोंबणे म्हणजे अर्धे बोरकर गमावणे. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले, त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. 'मध्य भारतातील मराठी घराण्यांतले कवी' या नावाखाली दोघेही येतील. 'मराठी कविता' या नावाखाली एकच येईल. दोन्ही नावे खरी आहेत, परंतु ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. नाव ठेवणाराने आपण कोणता प्रश्न विचारीत आहोत, हे आधी स्वतःशी ठरविले पाहिजे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तेवीस खंडांचा. त्यातले शीर्षक एकदा छापले गेले की ते बदलण्यास नवी आवृत्तीच हवी. महाजालावरील कोशात वर्गाचे नाव एका दिवसात बदलता येते आणि त्या बदलाबरोबर शेकडो लेखांच्या तळाची नोंदही यंत्राकडून बदलून घेता येते. इंग्रजी विकिपीडियावर अशा प्रस्तावांची उघड चर्चा होते, आणि जुने नाव नव्याकडे वाट दाखविणारे म्हणून ठेवता येते. ही पद्धत स्वीकारण्याजोगी आहे; कारण जुन्या नावाने शोधणारा वाचक रित्या हाताने परत जाऊ नये.

आमचा विद्यार्थी आज कवीची पहिली ओळख पुष्कळदा अशाच यादीतून करून घेतो. यादीत जो नाही, तो त्याच्या लेखी नाहीच. तेव्हा या याद्या करण्याचे आणि सुधारण्याचे काम हौशी तंत्रज्ञांवर सोडून शिक्षकांनी व अकादमीच्या सभासदांनी स्वस्थ बसणे बरे नव्हे. वर्गाचे नाव ही अतिसंक्षिप्त समीक्षाच आहे. मग ती करण्याची जबाबदारी समीक्षकांनी का टाळावी?