फ्रेंच लेखनातील मराठी माणूस

परकीयांनी मराठी समाजाविषयी केलेले लेखन मराठी समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे; ते पाहणाऱ्याच्या मनाचेही साधन असते, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. इंग्रजांच्या लेखनाकडे मराठी वाचक संशयाने पाहतो, कारण तो राज्यकर्त्यांचा शब्द होय. फ्रेंचांचे राज्य महाराष्ट्रावर कधी आले नाही. तेव्हा त्यांचा शब्द निःस्वार्थ असला पाहिजे, असे अनुमान सहज केले जाते. हे अनुमान कितपत टिकते ते पाहावयास हवे.

या लेखनाच्या आरंभी आंक्तिल-द्युपेराँ (1731–1805) हा विलक्षण पुरुष उभा आहे. अवेस्तेच्या शोधात तो 1755 मध्ये हिंदुस्थानात आला. 1757 मध्ये चंद्रनगर इंग्रजांच्या हाती पडले तेव्हा त्याने बंगाल सोडला आणि पुढील वर्षी गोव्याहून औरंगाबादमार्गे सुरतेस जाताना मराठ्यांचा मुलूख ओलांडला. त्या प्रवासाविषयी त्याने लिहिलेले काही शब्द 1762 मध्ये एका इंग्रजी मासिकात आले. मराठ्यांच्या प्रदेशात शिरताच आपण सुवर्णयुगातील साधेपणात येऊन पोहोचलो असे त्याला वाटले. लोक आनंदी, धट्टेकट्टे आणि अतिथ्यशील दिसले. हा उतारा इतिहासग्रंथांतून अनेकदा उद्धृत झाला आहे, आणि बहुधा प्रशस्तिपत्र म्हणूनच. पण तो लिहिणारा कोण होता? माँतेस्क्यूने 1748 मध्ये पौर्वात्य राज्यसत्ता म्हणजे निव्वळ जुलूम असा सिद्धांत मांडला होता. त्याचे खंडन आंक्तिलने 1778 च्या आपल्या ग्रंथात केले. पूर्वेकडेही कायदा आहे, खाजगी मालमत्ता आहे, हे त्याने हिरिरीने प्रतिपादिले. मराठी कुणब्याच्या दारात त्याला जे सुवर्णयुग दिसले ते पॅरिसमधील या वादाला उपयोगी पडणारे होते. यामुळे त्याचे निरीक्षण खोटे ठरत नाही. मात्र ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळते.

शिवाय तो ज्या बंगालातून आला तेथे मराठा म्हणजे बर्गी. 1742 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तेथे जे केले त्याची स्मृती गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात आहे. त्याच 1742 मध्ये पेशव्याने मंडल्यावर स्वारी केली आणि गोंड राजा महाराजशहा मारला गेला. जबलपूरच्या ईशान्येस, मिर्झापूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर सिहोरा हे गाव आहे. या भागाने 1781 मध्ये सागरकर मराठ्यांचा अंमल पाहिला, 1798 मध्ये पेशव्याने नर्मदेचे हे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले, आणि 1817 मध्ये इंग्रज आले. आंक्तिलच्या वाटेवर सिहोरा नव्हते. सिहोऱ्यास उभे राहून मराठ्याकडे पाहिले असते तर त्याला कुणब्याची ओसरी दिसली नसती, वसुलीस आलेला स्वार दिसला असता. घरचा मराठा आणि मोहिमेवरचा मराठा ही दोन्ही चित्रे एकाच लोकांची आहेत. मराठी टीकाकाराने पहिले तेवढे उचलावे आणि दुसरे बंगाल्यांवर व बुंदेल्यांवर सोडावे, हे न्यायाचे नव्हे.

शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या पेराँसारख्या फ्रेंच सरदारांचा येथे विचार करण्याचे कारण नाही; त्यांचे लक्ष कवायतीवर आणि जहागिरीवर होते.

विसाव्या शतकात दृष्टी पालटली. ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील प्रबंध 1914 चा. ग्रंथरूपाने तो 1920 मध्ये आला आणि वा. गो. परांजपे यांनी 1941 मध्ये तो मराठीत आणला. या ग्रंथात मराठी माणसाची स्तुती नाही, निंदाही नाही. आहेत ती ध्वनींची स्थित्यंतरे, विभक्तिप्रत्ययांचा प्रवास आणि शब्दांची व्युत्पत्तिसूची. तरीही मराठी लोकांविषयी आंक्तिलच्या उताऱ्यापेक्षा येथे अधिक कळते, कारण या अभ्यासकाने मराठीला आपल्या वादाचे उदाहरण केले नाही, तिच्या नियमांपुढे तो स्वतः वाकला.

गी देलरी यांच्याविषयी निर्णय इतका सोपा नाही. या जेझुइट अभ्यासकाने तुकोबांचे अभंग 1956 मध्ये फ्रेंचमध्ये नेले आणि 1960 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून विठ्ठलसंप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वारी त्यांनी ग्रंथालयात बसून वर्णिली नाही. पण फ्रेंच अनुवादाचे शीर्षकच पाहावे : ‘यात्रेकरूची स्तोत्रे’ असा त्याचा अर्थ, आणि स्तोत्र हा शब्द बायबलातील दाविदाच्या गीतांचा. त्या गीतांतही देवाशी तक्रार आहे, हे खरे. परंतु तुकोबांचे भांडण वाण्याच्या वहीतील आहे. इंद्रायणीत खते बुडविणारा हा सावकार देवाकडे येणे मागतो. तो हिशेबी सूर ‘स्तोत्र’ या शब्दात मावत नाही. यात्रेकरूचेही तसेच. यात्रेकरू एकदा जातो आणि कृतार्थ होतो. वारकरी परततो, नांगर धरतो, आणि पुढल्या आषाढीस पुन्हा निघतो. देलरींनी वर्णिलेली दिंडीची शिस्त वाचताना इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख शेजारी ठेवावा. एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत निराळी आणि मराठ्यांची निराळी, ही गोष्ट घरच्या बाईला खुपली.

शार्लोत वोदव्हील मराठीकडे कबीराच्या वाटेने, म्हणजे उत्तरेकडून आल्या. हरिपाठाचा त्यांचा फ्रेंच अनुवाद 1969 चा. नामदेवांची पदे ज्या ग्रंथसाहेबात आहेत त्याच परंपरेच्या अंगाने पंढरपूर पाहिल्यामुळे मराठी संतांमागील शैव थर त्यांना ठळकपणे जाणवला असावा. महाराष्ट्राबाहेरून पाहणे आणि महाराष्ट्राला परके असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गी पॉइत्वाँ 1972 मध्ये पुण्यास आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि 2004 मध्ये निवर्तले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्यांच्या 1996 च्या इंग्रजी ग्रंथात शेतकरी बायकांची भक्ती आणि स्वामींचे तत्त्वज्ञान यांतील अंतर हाच विषय आहे. या ओव्यांत पंढरी आहे, सीतेचा वनवास आहे, सासुरवास आहे, बाबासाहेब आंबेडकरही आहेत. सुवर्णयुग त्यांत सापडत नाही. 1758 मध्ये आंक्तिलला ज्या घरांचे अतिथ्य लाभले, त्या घरांतही पहाटे कोणीतरी पाहुण्याच्या भाकरीचे पीठ दळत असणारच. ती काय गात होती, हे त्याने विचारलेले नाही.