पेल्सार्टची रोजनिशी : महजर कीं करीना ?

मोंगलकालीन हिंदुस्थानच्या अभ्यासकांस फ्रान्सिस्को पेल्सार्ट हें नांव परिचित आहे. आग्र्याच्या डच वखारींत असतां १६२६ मध्यें त्यानें लिहिलेला वृत्तांत मोरलंड व गाइल यांनीं १९२५ मध्यें इंग्रजींत आणिला. तेव्हांपासून आपले लेखक तो प्रमाण म्हणून देत आले आहेत. त्याच गृहस्थाच्या दुसऱ्या एका लेखाचें परीक्षण येथें कर्तव्य आहे.

डच कंपनीचें ‘बाटाव्हिया’ हें जहाज ४ जून १६२९ रोजीं पहांटेपूर्वीं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील हाउटमन आब्रोल्होस बेटांच्या खडकावर चढलें. पुढें फुटणारा शुभ्र फेंस तांडेलास चांदण्याचा प्रकाश वाटला. मुख्य अधिकारी पेल्सार्ट व तांडेल आरियन याकब्झ हे चाळीसांहून अधिक माणसें घेऊन होडीनें जावाकडे गेले. मागें राहिलेल्यांपैकीं शंभराहून अधिक लोक येरोनिमस कोर्नेलिस्झ व त्याच्या साथीदारांनीं ठार केले. पेल्सार्ट सप्टेंबरांत ‘सारदाम’ जहाजानें परतला, त्यानें पंच बसवून चौकशी केली व २ ऑक्टोबर रोजीं मुख्य अपराध्यांस फांशीं दिलें. या चौकशीची हकीकत त्याच्या रोजनिशींत आहे. तिच्या आधारें १६४७ मध्यें अ‍ॅमस्टरडॅम येथें पुस्तकही छापलें गेलें.

वरवर पाहतां लेख महजरासारखा दिसतो. प्रश्न, उत्तरें, कबुल्या, निवाडा, सह्या, सर्व यथास्थित आहे. परंतु महजराचें बळ तटस्थ गोतसभेंत असतें. येथें चौकशीचा प्रमुखच प्रकरणांतील पक्षकार आहे. कंपनीचें धन व माणसें ज्याच्या स्वाधीन होतीं, व जो त्यांस सोडून गेला, तोच न्यायासनावर बसला. हितसंबंधी मनुष्य मनूनें साक्षीसही अपात्र मानिला. मग न्यायाधीश कसा चालेल?

दुसरा दोष कबुल्यांचा. देहान्त शिक्षेस त्या काळच्या डच रीतीप्रमाणें कबुली आवश्यक असे, व ती पाण्याच्या यातनेनें काढीत. कोर्नेलिस्झ दिलेली कबुली वारंवार फिरवीत होता, हें रोजनिशीच सांगते. तांडेलानें आधींच बंडाचा कट केला होता, हा आरोपही अशाच तोंडांतून आला. आणि तांडेल त्या वेळीं समक्ष नव्हता, बाटाव्हिया शहरीं कैदेंत होता. ज्याला उत्तर देतां आलें नाहीं, त्याच्यावरील आरोप सिद्ध कसा म्हणावा ?

जहाज खडकावर कां चढलें, हा मूळ प्रश्न तर हत्याकांडाच्या रक्तांत बुडून गेला. त्या काळीं समुद्रावर रेखांश अजमासानेंच काढीत. कंपनीच्या वाटेंतील हा धोका एकट्या तांडेलाच्या माथीं मारणें सोयीचें होतें.

तथापि लेख खोटा ठरवूं नये. १९६३ मध्यें जहाजाचे अवशेष सांपडले, व जवळच्या बेटावर पुरलेल्या सांगाड्यांच्या कवट्यांवर घाव आढळले. हत्यांविषयीं रोजनिशी विश्वसनीय आहे. दोष कोणाचा, याविषयीं ती एका पक्षाचा करीना आहे. एकाच कागदांतील दोन विधानांचें वजन निरनिराळें असूं शकतें.

आपल्या दप्तरांतील निवाडेही याच कसोटीस लावावे. शिक्का पाहण्यापूर्वीं तो कोणाच्या हातीं होता, हें पाहावें.