विमानापघात आणि ‘म्हणे’

१२ जून २०२५ रोजीं दुपारीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें विमान उड्डाणानंतर सुमारें अर्ध्या मिनिटांतच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलें. विमानांतील २४२ जणांपैकीं २४१ आणि जमिनीवरील १९, असे एकूण २६० जीव गेले. एकच प्रवासी वांचला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही दादरहून गिरगांवाकडे येत होतों. गाडी चर्नी रोडला लागेपर्यंत डब्यांतील सहप्रवाशांनीं या अपघाताचा निकाल लावून टाकिला होता. एका गृहस्थांच्या मतें इंजिनांत पक्षी शिरले होते. दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, चाकें वर घेण्याऐवजीं चुकून फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागल्या कडेच्या पट्ट्या, मिटल्या गेल्या. तिसऱ्यांस इंधनांत भेसळ दिसत होती. आणि चौथे, जे अर्थातच सर्वांत हळू आवाजांत बोलत होते, ते परराष्ट्राचा हात दाखवीत होते. यांपैकीं कोणीही विमानविद्येचा अभ्यास केला होता असें त्यांच्या बोलण्यावरून दिसलें नाहीं, आणि आम्हीही तो केलेला नाहीं. परंतु पुराव्याचें वाचन कसें करावें हा प्रश्न जितका यंत्रज्ञाचा आहे तितकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे, म्हणूनच या विषयास या मासिकांत जागा मागण्याचें आम्हांस धाडस होतें.

मराठींत ‘म्हणे’ हा एक विलक्षण शब्द आहे. इंग्रजींत इतका आटोपशीर शब्द आम्हांस तरी आढळला नाहीं. वाक्याच्या शेवटीं तो लागला कीं बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. ‘वैमानिकाचें घरीं कांहीं बिनसलें होतें म्हणे’ या वाक्यांत कोण म्हणालें, कोणास म्हणालें, त्याला तें कसें कळलें, यांपैकीं कांहीं एक विचारण्याची सोय राहत नाहीं. आणि विचारलेंच तर सांगणारा सहज म्हणतो, ‘आम्हीं ऐकलें तें सांगितलें.’ येथपर्यंत फारसा दोष नाहीं. उलट ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याची ही एक प्रामाणिक रीतच आहे. घोटाळा होतो तो पुढें. दोन दिवसांनीं तेंच वाक्य तिसऱ्याच्या तोंडीं येतें तेव्हां ‘म्हणे’ वाटेंत कोठें तरी गळून पडलेला असतो. वृत्तपत्रांतील ‘सूत्रांकडून समजतें’ हें ‘म्हणे’चेंच सुशिक्षित भावंड होय, तें कोटटोपी घालून येतें इतकेंच.

ही खोड नवी नव्हे. १९७८ च्या १ जानेवारीस रात्रीं सांताक्रूझहून दुबईला निघालेलें ‘सम्राट अशोक’ हें एअर इंडियाचें पहिलें जम्बो विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारें ३ किलोमीटरांवर समुद्रांत पडलें. उड्डाणास दोन मिनिटेंही झालीं नव्हतीं. आंतील २१३ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. आम्ही त्या वेळीं शाळेच्या खालच्या इयत्तेंत होतों, आणि गिरगांवांतील आमच्या चाळीच्या गॅलरींत वडीलमंडळी काय बोलतात तें ऐकत बसणें हा आमचा जेवणानंतरचा कार्यक्रम असे. त्या गॅलरींत बाँब या शब्दापलीकडे दुसरें कारण कोणी ऐकूनच घेत नसे. तात्या बाँब कोणीं ठेविला तें सांगत, नाना तो कोठें ठेविला तें सांगत. तो होता कीं नव्हता हा प्रश्न कोणासच पडला नाहीं. घातपाताची शंका त्या वेळीं सर्वत्रच होती, तेव्हां केवळ आमच्या चाळीस दोष देण्याचें कारण नाहीं.

पुढें समुद्रांतून अवशेष काढले गेले, नोंदयंत्रें हातीं आलीं, आणि स्फोटाचा मागमूस त्यांत सांपडला नाहीं. जें सांपडलें तें असें. समुद्रावर येऊन उजवीकडे वळण घेतल्यावर विमान पुन्हां सरळ झालें होतें. परंतु मुख्य वैमानिकासमोरचें, विमान कोणत्या बाजूस किती कललें आहे हें दाखविणारें यंत्र उजवा कल तसाच दाखवीत राहिलें. नसलेला तो कल काढण्यासाठीं त्यानें विमान डावीकडे घातलें, आणि सरळ असलेलें विमान खरोखरच डावीकडे कलूं लागलें. रात्रीची वेळ, खालीं काळा समुद्र, समोर क्षितिजाची रेघ नाहीं. अशा स्थितींत आपण सरळ आहों कीं कललों आहों हें मनुष्याच्या शरीरास कळत नाहीं, कारण तोल सांगणारीं कानांतील इंद्रियेंही फसतात. विमान कलतां कलतां काटकोनाच्याही पलीकडे गेलें. कानावर पडलेल्या नोंदींत अभियंता अगदीं अखेरच्या क्षणीं दुसऱ्या यंत्राकडे पाहण्यास सांगत आहे. यंत्राचा बिघाड आणि त्यामुळें गोंधळलेल्या वैमानिकाची हाताळणी असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. विमान व यंत्रें बनविणाऱ्या कंपन्यांवरील निष्काळजीपणाचा आरोप अमेरिकेंतील एका न्यायाधीशानें १९८५ सालीं फेटाळला, म्हणजे दोषाची वांटणी कशी करावयाची याविषयीं वाद उरलाच. बाँब मात्र कोठेंच उरला नाहीं.

तरीही, आमच्या गॅलरींत या निष्कर्षाची चर्चा झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आजही त्या विमानाचें नांव काढलें तर गिरगांवांतील एखादे सत्तरीचे गृहस्थ ‘तें बाँबचें ना?’ असें विचारतात. याचें कारण उघड आहे. बाँबाच्या कथेंत खलपुरुष आहे, हेतु आहे, कट आहे. म्हणजे नाटकास जें जें लागतें तें सर्व आहे. अडकून बसलेल्या एका यंत्राच्या कथेंत यांतलें कांहींच नाहीं. दोनशें तेरा माणसें इतक्या क्षुद्र कारणानें जावीं हें मनास पटत नाहीं, आणि जें पटत नाहीं तें खोटें, असा आपला न्याय!

याचा अर्थ घातपाताची शंका घेणें हाच मूर्खपणा, असें मात्र नव्हे. ११ एप्रिल १९५५ रोजीं हाँगकाँगहून जकार्त्यास जाणारें एअर इंडियाचें ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमान समुद्रांत कोसळलें. त्यांत बांडुंग परिषदेस निघालेली चिनी मंडळी होती. कॅप्टन जठार यांच्यासह १६ जण गेले. वांचलेल्या तिघांत दीक्षित आणि कर्णिक हे होते. तेथें घातपात सिद्ध झाला; पण तो कोणी ‘असणारच’ म्हणाल्यामुळें नव्हे, तर समुद्रतळावरून काढलेल्या अवशेषांत कालस्फोटकाचे भाग मिळाले म्हणून. गॅलरींतील तात्यांनीं १९५५ सालीं हाच तर्क केला असता तर तो खरा ठरला असता, परंतु त्याचें श्रेय तात्यांस देतां आलें नसतें.

आतां पुन्हां अहमदाबादेकडे वळूं. १२ जुलै २०२५ रोजीं १५ पानांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. आमच्या डब्यांतील चार मतांपैकीं तिहींचा निकाल त्यानें बराचसा लावला. फ्लॅपची मूठ उड्डाणास योग्य अशा ५ अंशांच्या खुणेवर मिळाली, चाकांची मूठ ‘खालीं’ याच स्थितींत होती. विमानाच्या मार्गांत लक्षांत घेण्याजोगे पक्षी दिसले नाहींत. ज्या टाक्यांतून इंधन भरलें गेलें त्यांतील नमुने समाधानकारक निघाले. परंतु त्याच अहवालानें एक नवें रहस्य पुढें ठेविलें. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे खटके एका सेकंदाच्या अंतरानें ‘बंद’ या स्थितींत गेले, आणि सुमारें दहा सेकंदांनीं ते पुन्हां ‘चालू’ झाले. तोंपर्यंत उशीर झाला होता. खटके कोणीं हलविले कीं कशानें हलले हें अहवाल सांगत नाहीं.

आणि येथेंच तें वाक्य येतें ज्यावर सगळ्या देशानें आपापलें नाटक रचिलें. एका वैमानिकानें दुसऱ्यास इंधन कां बंद केलें असें विचारलें, आणि दुसऱ्यानें आपण तें केलें नाहीं असें उत्तर दिलें, इतकाच सारांश अहवालांत आहे. अभ्यासकाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा एक अत्यंत अपुरा पाठ आहे. मूळ शब्द दिलेले नाहींत. बोलणाऱ्यांचीं नांवें नाहींत. पुढचीं मागचीं वाक्यें नाहींत. प्रश्न रागानें विचारला, भीतीनें विचारला कीं केवळ गोंधळून विचारला, याचा ठाव नाहीं. जुन्या पोथींत वक्त्याचें नांव गळालेली एक ओळ मिळाली, तर ती धर्माच्या तोंडीं घालावी कीं दुर्योधनाच्या, यासाठीं संशोधक वर्षानुवर्षें पाठ जुळवीत बसतात. येथें मात्र दोन दिवसांत वक्ते ठरले, स्वर ठरला, हेतूही ठरला. परदेशी पत्रांनीं अनाम अधिकाऱ्यांच्या हवाल्यानें ज्येष्ठ वैमानिकाकडे बोट दाखविलें, आणि आमच्या परिचयाच्या कुटुंबांतून त्याच्या मनःस्थितीचीं निदानें होऊं लागलीं. दोन्ही वैमानिक मुंबईंत राहणारे होते. म्हणजे हे तर्क ज्यांच्या कानीं पडत होते त्यांत त्यांचीं घरेंही होतीं. २०२५ च्या नोव्हेंबरांत ज्येष्ठ वैमानिकाच्या वृद्ध पित्याची याचिका ऐकतांना, अहवालांत तुमच्या मुलावर दोष ठेविलेला नाहीं, हें ओझें तुम्ही वाहूं नका, असें सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें. न्यायालयास असें बोलण्याची पाळी आणणारांत आपणही होतों.

असें ओझें वाहिलेला एक मनुष्य परळच्या इतिहासांत आहे. प्लेगची लस शोधून काढणारे हाफकिन परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आपली प्रयोगशाळा चालवीत. १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल येथें त्यांच्या लशीची एक बाटली टोंचल्यावर १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, आणि सगळा दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनांवर आला. त्यांस कामावरून दूर केलें गेलें. वास्तविक बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो निर्जंतुक न करितांच वापरला गेला, असें तेथल्या हकीकतीवरून दिसत होतें. परंतु ती हकीकत शांतपणें वाचण्यास लोकांस पांच वर्षें लागलीं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनीं उघडपणें लिहिल्यावर १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले, आणि १९२५ सालीं त्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें. हाफकिन तें पाहण्यास हयात होते. मृत वैमानिकास ती सोय नाहीं.

सरकारी पक्षासही आम्ही मोकळा सोडूं इच्छीत नाहीं. विमानापघाताच्या चौकशीचा हेतु पुढील अपघात टाळणें हा आहे, दोष वांटणें हा नव्हे, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आणि तो योग्य आहे. परंतु असा नियम पाळणाऱ्यानें संभाषणाचें एकच वाक्य, तेंही स्वतःच्या शब्दांत, बाहेर काढावें आणि बाकीचें पेटींत ठेवावें, हें आम्हांस समजत नाहीं. एक तर सगळें द्यावें, नाहीं तर अंतिम निर्णयापर्यंत कांहींच देऊं नये. अर्धवट पाठ हा कोऱ्या पानापेक्षां अधिक घातक असतो, हें त्यांस कोणी सांगितलें नसेल काय?

शिवाय तीं १५ पानें इंग्रजींत आहेत. आम्हीं अलीकडे वर्गांत विचारून पाहिलें. अहवालाविषयीं मत असलेले विद्यार्थी पुष्कळ निघाले, तो वाचलेला एकही निघाला नाहीं. त्याचें सरळ मराठी भाषांतर, फ्लॅप आणि खटक्यांच्या एकदोन आकृत्यांसह, एखाद्या मासिकानें पदरचा खर्च करून छापावें. पंधरा पानें म्हणजे कांहीं फार नव्हेत. दादर ते चर्नी रोड एवढ्या प्रवासांत त्यांतलीं निम्मीं तरी वाचून होतील.