कडक स्प्रिंग आणि झडपयंत्रणेची विश्वसनीयता : एका समजुतीची चिकित्सा

मोटारीच्या एंजिनाचा वेग वाढवावयाचा असेल तर झडपांच्या स्प्रिंगा अधिक कडक कराव्यात, हे मत कार्यशाळांतून सिद्धान्तासारखे मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत कॅमला मोजावी लागते.

उदाहरणार्थ, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी घ्यावी. तिचे उत्पादन आता थांबले आहे. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनात कॅम खाली ठोकळ्यात असून त्याची हालचाल टॅपेट, पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत वरच्या झडपेकडे जाते. हे सारे वस्तुमान स्प्रिंगलाच परतवावे लागते. फोंडाघाट उतरून कणकवलीमार्गे कसालला येणाऱ्या चालकाने भरवेगात खालचा गिअर टाकला, तर थ्रॉटल मिटलेले असूनही चाकेच एंजिनाला फिरवितात. मिनिटाच्या फेऱ्या ५००० वरून ६००० झाल्या की जडत्वबल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, ४४ टक्क्यांनी वाढते. ते स्प्रिंगच्या जोरावर मात करू लागले की टॅपेट कॅमपासून सुटतो आणि झडप आपल्या बैठकीवर आपटते.

येथवर कडक स्प्रिंगचा पक्ष निर्विवाद आहे. परंतु कॅमच्या टोकावर जडत्व स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेने कार्य करते; म्हणून तेथील दाब अतिवेगात नव्हे, तर मंद चालीत सर्वाधिक असतो. नेमका त्याच वेळी तेलाचा पापुद्राही पातळ असतो. म्हणजे क्वचित येणाऱ्या अतिवेगासाठी योजिलेला उपाय गाडी उभी असताना कॅम झिजवितो. शिवाय कॅमच्या आकृतीतील त्वरणाचे आकस्मिक बदल कायम राहिले, तर स्प्रिंगचे स्वतःचे कंपन केवळ कडकपणाने शमत नाही.

थोर अभियंत्यांनी हा प्रश्न निराळ्या अंगाने हाताळला. १९५४ च्या मर्सिडीझ डब्ल्यू १९६ मध्ये झडप मिटविण्याचे कामही कॅमकडेच सोपविले होते. १९८६ मध्ये रेनॉने शर्यतीच्या एंजिनात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा वापरली. सामान्य एंजिनास हे उपाय परवडणारे नाहीत. पण हलके भाग, ताठ पुशरॉड आणि सौम्य त्वरणाचा कॅम यांचा क्रम स्प्रिंगच्या आधी लागतो, हा त्यांतील बोध स्वीकारण्यास हरकत नसावी.

म्हणून केवळ कमाल फेऱ्या नोंदवून विश्वसनीयतेचा निर्वाळा देणारी चाचणी अपुरी समजली पाहिजे. मंद चालीतील दीर्घ चाचणीनंतर कॅमची झीज मोजल्यावाचून हा निष्कर्ष ग्राह्य मानता येणार नाही.