पाणबुडीपटातील वाणी आणि मौन : ‘द गाझी अटॅक’च्या निमित्ताने

युद्धपटासारख्या लोकरंजनाच्या विषयाला विद्यापीठीय पत्रिकेत स्थान असावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, भाषा जेथे काही विशेष कार्य करताना आढळते तेथे भाषेच्या अभ्यासकाने जावे; ते स्थळ प्रतिष्ठित आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने गौण होय. पाणबुडीवरील चित्रपट हे असेच एक स्थळ आहे. युद्धपटांत सामान्यतः दृश्य प्रधान असते आणि शब्द त्याच्या मागोमाग येतो. पाणबुडीपटात हा क्रम उलटा होतो, आणि म्हणूनच त्याची परीक्षा शब्दाच्या अंगाने करणे उचित ठरते.

संकल्प रेड्डी दिग्दर्शित ‘द गाझी अटॅक’ हा चित्रपट १७ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रदर्शित झाला. हिंदी आणि तेलुगू या दोन भाषांत तो एकाच वेळी चित्रित झाला होता आणि त्याच्या तेलुगू रूपास त्या भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रस्तुत लेखकाने तो समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या या शहरात, घरच्या पडद्यावर, एकाहून अधिक वेळा पाहिला. घरी पाहण्यात काही गमावते हे खरे. चित्रपटगृहात स्फोटाने खुर्ची हादरते, तसे येथे होत नाही. परंतु येथे एखादे वाक्य थांबवून पुन्हा ऐकता येते आणि तळाशी उमटणारा अनुवाद मूळ उच्चाराशी ताडून पाहता येतो. चित्रपटगृहातील प्रेक्षक प्रवाहाबरोबर वाहतो. घरचा प्रेक्षक, त्याने मनात आणल्यास, वाचकासारखा मागे वळू शकतो. पुढील विवेचन हे अशा मागे वळून केलेल्या वाचनाचे फलित आहे.

आरंभी शब्दाविषयीच दोन शब्द. ‘पाणबुडी’ हे नाव मराठीने या युद्धनौकेसाठी नव्याने घडविलेले नाही. पाण्यात सूर मारून दिसेनाशा होणाऱ्या एका लहान पक्ष्याचे ते जुने नाव आहे. हाच पक्षी टिबुकली म्हणूनही ओळखला जातो, आणि पैठणजवळ नाथसागराच्या काठी उभे राहणाऱ्यास तो आजही दिसू शकतो. बुडी मारून तळाचा ठाव घेणारा तो पाणबुड्या. पोलादी नौका आली तेव्हा भाषेने तिला हे आयते, जिवंत नाव दिले, आणि त्याच वळणावर ‘पाणतीर’ व ‘पाणसुरुंग’ हे शब्दही रुळले. हिंदीतील ‘पनडुब्बी’ याच कुळातील होय. मात्र या चित्रपटातील नाविक कामाच्या ओघात इंग्रजी संज्ञाच वापरतात. त्याबद्दल दिग्दर्शकास दोष देण्याचे कारण नाही. नौदलाची कामाची भाषा तशीच आहे. लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. या चित्रपटात हुकूम बहुधा इंग्रजीत सुटतात, तर वाद, शंका, संताप आणि शोक हिंदीत व्यक्त होतात. एकाच मनुष्याच्या तोंडी पद आणि मन यांच्या दोन भाषा अशा शेजारीशेजारी नांदतात. हे मिश्रण लेखकाच्या आळसातून आले आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. अधिकाऱ्याच्या आत दडलेला माणूस केव्हा बोलू लागला, याची खूण प्रेक्षकाला त्यातूनच मिळते.

परभाषेचा प्रश्न पाणबुडीपटांनी अन्यत्रही कल्पकतेने सोडविला आहे. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ या १९९० सालच्या अमेरिकी चित्रपटात सोव्हिएत अधिकारी प्रथम रशियन बोलतात. एक राजकीय अधिकारी वाचीत असता कॅमेरा त्याच्या ओठांजवळ सरकतो, ‘आर्मगेडन’ हा दोन्ही भाषांना समान असलेला शब्द येतो, आणि तेथून पुढे तो इंग्रजीत वाचू लागतो. प्रेक्षकाशी येथे एक करार होतो : ऐकू येणारी भाषा इंग्रजी, समजून घ्यावयाची रशियन. एका शब्दाचा असा उंबरठा करणे ही खरी भाषिक सूझ होय.

पाणबुडीत वाणीला एवढे महत्त्व का यावे, हे तिच्या रचनेतच आहे. तिला खिडक्या नसतात. पेरिस्कोप उपयोगी पडतो तो पृष्ठभागाजवळ. खाली गेल्यावर बाहेरचे जग केवळ ध्वनिरूपाने उरते. ‘सोनार’ या यंत्राचे नाव मराठी कानाला प्रथम गमतीचे वाटते. पण ते ऐकणारा मनुष्यही एका अर्थी कसोटी लावीतच बसलेला असतो. हा आवाज माशांचा, हा जहाजाच्या पंख्याचा, हा शत्रूचा, असा निवाडा त्याला करावा लागतो. पुन्हा, आपण जसे ऐकतो तसे आपल्यालाही कोणी ऐकत असते. म्हणून येथे मौन म्हणजे रिकामी जागा नव्हे. तो एक बचाव आहे.

जे बोलले जाते तेही वेगळ्या जातीचे असते. जे. एल. ऑस्टिन यांची १९५५ मधील हार्वर्डची व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारताच कृती घडते, हा त्यांतील विचार आता सर्वपरिचित आहे. कप्तानाचा हुकूम हे अशा वाक्याचे नमुनेदार उदाहरण होय. हुकूम ऐकणारा तो पुन्हा उच्चारतो आणि मगच अमलात आणतो. बाहेरच्या माणसाला ही पुनरुक्ती निरर्थक वाटेल. पण एक शब्द चुकीचा ऐकला गेल्यास सर्वांचेच प्राण जातील अशा ठिकाणी ती भाषेची सुरक्षा-झडप असते.

‘द गाझी अटॅक’ जेव्हा या सत्याशी प्रामाणिक राहतो तेव्हा तो उत्तम चित्रपट असतो. के. के. मेनन यांचा कप्तान रणविजय सिंग आक्रमणास उत्सुक आहे. त्याला आवर घालण्यासाठी राणा दग्गुबाटी यांचा अर्जुन वर्मा नेमला गेला आहे. या दोघांतील संघर्ष वस्तुतः वाक्यार्थाचा संघर्ष आहे. वरिष्ठांच्या आदेशाचा अर्थ एकजण अक्षरशः घेतो, दुसरा परिस्थितीनुसार. मीमांसकांना हा वाद नवा वाटला नसता. त्या दोहोंमध्ये अतुल कुलकर्णी यांचा देवराज उभा आहे. या मराठी नटाच्या वाट्याला मोठी भाषणे नाहीत. पण कप्तानाचा हुकूम स्वीकारताना तो जो क्षणभराचा विलंब करतो, त्यात आज्ञाधारकपणा आणि सारासार विचार यांची ओढाताण दिसते. आपल्या मते साऱ्या चित्रपटातील सर्वात अचूक अभिनय तोच आहे. याउलट, समुद्रातून वाचविलेल्या निर्वासित स्त्रीच्या भूमिकेतील तापसी पन्नू यांना बोलण्यासारखे फारसे काही दिलेलेच नाही. ती या जगात येते, परंतु या जगाच्या भाषेत तिला जागा मिळत नाही.

उत्तरार्धात चित्रपटाचा स्वतःच्या सामग्रीवरील विश्वास उडालेला दिसतो. वाक्ये लांबतात, आवाज चढतात, आणि अखेरीस नाविक राष्ट्रगीत गाऊ लागतात. शत्रूला डिवचण्याचा डावपेच म्हणून कथेत त्याचे समर्थन आहे, हे मान्य. तथापि ज्या जगात चमचा पडल्याचा आवाजही घातक ठरावा असे आपणास दीड तास पटविले गेले, त्या जगाचे नियम येथे प्रेक्षकाच्या टाळीसाठी बाजूला सारले जातात. देशप्रेमास आक्षेप नाही. आक्षेप आहे तो प्रेक्षकाविषयीच्या अविश्वासाला. मौन पाळून आपले काम चोख करणारा नाविक देशभक्त आहे, हे त्याने गायिल्यावाचून आपल्याला कळणार नाही, असे दिग्दर्शकाने का गृहीत धरावे?

येथे वोल्फगांग पेटरसन यांच्या ‘दास बोट’ या १९८१ च्या जर्मन चित्रपटाची आठवण होते. तो चित्रपटगृहात सुमारे अडीच तासांचा होता. १९९७ मध्ये साडेतीन तासांचे रूप आले. दूरचित्रवाणीसाठी केलेले रूप त्याहूनही दीर्घ आहे. ही रूपे घरी पाहता येऊ लागल्यावर ध्यानात आले की, वाढलेल्या वेळात अधिक लढाया नाहीत. कंटाळा, थट्टा आणि वाट पाहणेच अधिक आहे. पाणबुडीतील थरार या वाट पाहण्यातच असतो.

सर्वात गंभीर प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. ‘गाझी’ ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’. १९४४ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि पुढे ती पाकिस्तानला भाड्याने देण्यात आली. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती कराचीहून निघाली ती ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या शोधात. ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर ती बुडाली आणि तिच्यावरील नव्वदाहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही. ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे ती नष्ट झाली, असे भारतीय नौदलाचे म्हणणे आहे. पाकिस्तान तो आतील स्फोटाचा किंवा सुरुंगाचा अपघात मानतो. एस-२१ या पाणबुडीने समोरासमोरच्या झुंजीत तिला बुडविले, हे चित्रपटातील कथानक काल्पनिक आहे. एस-२१ हा क्रमांक खऱ्या ‘करंज’ या पाणबुडीचा होता; पण ही झुंज इतिहासात नाही.

कल्पितास आमचा विरोध नाही. खेद वाटतो तो वेगळ्याच कारणाने. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी या प्रसंगाची जी हकीकत सांगितली आहे, ती भाषाभ्यासकास थक्क करणारी आहे. ‘विक्रांत’ दूर अंदमानकडे हलविण्यात आली होती आणि ‘राजपूत’ने तिचे सोंग घेतले होते. बिनतारी संदेशांची वर्दळ मुद्दाम वाढविण्यात आली. ‘विक्रांत’वरील एका नाविकाने आजारी आईची प्रकृती विचारावी, अशा आशयाचा एक खासगी वाटणारा संदेशही उघडपणे धाडण्यात आला. शत्रूने तो ऐकावा आणि विश्वास ठेवावा, हाच हेतू. म्हणजे खऱ्या घटनेत पाणतीर सुटण्यापूर्वीच शब्द सुटले होते, आणि त्यांतील एक तर आईच्या काळजीचा, जगातील सर्वात निष्पाप वाटणारा शब्द होता. ज्या चित्रपटाचे सारे सामर्थ्य ऐकण्यात आहे, त्याला याहून योग्य विषय कोणता मिळाला असता? तो हाताशी असता चित्रपटाने घोषणेची वाट धरली.

चित्रपटगृहातील खेळ संपतो. घरच्या पडद्यावरील खेळ संपत नाही. तो पुन्हा लावला जातो, घरातील मुले तो पाहतात, आणि आरंभीची ‘काल्पनिक’ असल्याची सूचना काही क्षणांत सरकून जाते. लक्षात राहते ती झुंज. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना १९७१ ची ‘गाझी’ याच चित्रपटामुळे ठाऊक आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्यामुळे आपली जबाबदारी वाढते. बंदराबाहेर समुद्रतळाशी अजूनही त्या नौकेचे अवशेष आहेत. ती शत्रूची होती. तिच्यावरील माणसांच्याही घरी त्या डिसेंबरात आया वाट पाहत असतील. त्यांच्या मरणाविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे, आणि कल्पित असेल तेथे ते कल्पित आहे असे स्पष्ट म्हणावे. ऐकलेला शब्द जसाच्या तसा पुन्हा उच्चारून मगच पुढे जाणे, ही पाणबुडीची शिस्त इतिहास सांगणाऱ्यानेही पाळली पाहिजे.