दूरसंचार अभियांत्रिकीचे अध्यापन : एक चिकित्सा

क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या शोधनिबंधाने दूरसंचारशास्त्राला सैद्धांतिक अधिष्ठान दिले. पदवी वर्गात मात्र त्यातील वाहिनी-क्षमतेचे सूत्र बहुधा उदाहरण सोडविण्यापुरतेच उरते. टेलिफोन वाहिनीची बँडविड्थ ३१०० हर्ट्‌झ आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर ३० डेसिबल दिले, की विद्यार्थी सेकंदाला सुमारे ३०,९०० बिट हे उत्तर काढून गुण मिळवतो. संकेतन कितीही कुशल असले तरी या मर्यादेपलीकडे विश्वासार्ह प्रेषण अशक्य असते, हा त्यातील आशय अस्पर्शितच राहतो. नॉइज दुप्पट झाल्यास ही मर्यादा निम्मी न होता केवळ सुमारे एकदशांशाने का घटते, असा प्रश्न परीक्षेत विचारला गेला पाहिजे. अन्यथा आपण अभियंते नव्हे, आकडेमोड करणारे पदवीधर घडवीत राहू.